पाच-सहा पावसाळे उभी असलेली आर्मीची निसान वन टन परत चालवायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लष्कराच्या लिलावातून कुणीतरी घेतलेली पेट्रोलची निसान वन टन (लष्कराचा छोटा फोर व्हील ट्रक) तुमच्याकडे आली आहे. खानापूरजवळ शेतावर पाच-सहा पावसाळे ती उघड्यावर उभी होती. नंबर एमएच-09 आहे, कागद आधीच्या मालकाच्या नावावर आहेत. छंद म्हणून ती नीट करायची आणि सुट्टीच्या दिवशी जांबोटी, चोर्ल्याकडे न्यायची आहे.

चाकं आणि ब्रेक आधी, इंजिन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. बॅटरी लावायची, कार्ब्युरेटरमध्ये घोटभर पेट्रोल ओतायचं, इंजिन धडधडलं की लगेच गाडी फाटकाबाहेर. त्या 3956 सीसीच्या सहा सिलिंडरी इंजिनाला चालू व्हायला फारसं काही लागत नाही, म्हणूनच ते फसवतं. गाडी पळते, पण थांबेल याची खात्री कुणी केलेली नसते.

ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि खानापूरकडच्या पावसात पाच वर्षं म्हणजे भरपूर पाणी. ते पाणी व्हील सिलिंडरच्या (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याच्या) तळाला साचतं आणि तिथेच गंज धरतो. ड्रम काढा, सिलिंडरची रबरी टोपी सोलून काढा. आत तपकिरी पेस्ट दिसली तर पिस्टन बाहेर काढून बोअर (सिलिंडरची आतली भिंत) कापडाने स्वच्छ पुसा आणि खालच्या अंगाने नख फिरवा. नख अडकलं म्हणजे खड्डा आहे. बारीक होनिंगने (घासदगडाने बोअर घासून) तो जात नसेल तर नुसतं किट बदलून काही उपयोग नाही. नवा रबर कप त्या खड्ड्यावरून जाताना महिन्याभरात कापला जातो आणि तेल परत लायनरवर (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्टीवर) येतं. अशा सिलिंडरला आतून पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह घालून मूळ मापाला बोअर करून घ्यायचा. बेळगावच्या उद्यमबागेत हे काम करू शकणारे लेथवाले भरपूर आहेत. फक्त जुना कप सोबत न्या, बहुतेक कपांवर माप उठवलेलं असतं. किटही गाडीच्या नावाने मागू नका, त्या मापाने मागा.

लायनर तेलात भिजलेले असतील तर पेट्रोलने धुऊन परत लावू नका. गरम झाले की आतलं तेल वर येतं. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदला, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढेल. आणि लायनरवरचं तेल ब्रेकचं की डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं), हे आधी वासावरून ओळखा. डिफच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. तसा आला तर दोष हबच्या ऑइल सीलमध्ये आहे. शिवाय डिफच्या ब्रीदरमध्ये (हवा बाहेर सोडणाऱ्या नळीत) माती बसली असेल तर आत दाब तयार होऊन नवं सीलसुद्धा गळतं, म्हणून ब्रीदर काढून फुंकून बघा.

पाइप नवेच टाका. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून सुजून बंद होतात. त्याची खूण अशी की पेडल सोडल्यावरही चाक धरून राहतं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. नंतर पेडल जोरात दाबून पूर्ण मिनिटभर धरा. बाहेर कुठेच गळत नाही पण पेडल हळूहळू खाली जातंय, याचा अर्थ मास्टरच्या आतले कप गेले. व्हॅक्यूम बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा डबा) मात्र पुढे इंजिन तयार झाल्यावर तपासा: इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. ब्रेकच्या तेलाच्या डब्याला एकच कप्पा असेल तर सगळी चाकं एकाच सर्किटवर आहेत. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. अशा गाडीत हँडब्रेक उतारावर गाडी धरतो की नाही, हे बघितल्याशिवाय घाटात जाऊच नका.

आता चाकं. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण यात माणसं मेली आहेत. लष्करी गाड्यांची काही चाकं दोन अर्ध्या रिमा बोल्टने जोडून केलेली असतात, तर काहींना ट्रकसारखी लॉक रिंग असते. दोन तुकड्यांच्या चाकाला नटांची दोन वर्तुळं दिसतात. एक हबवर चाक धरणारं, दुसरं दोन अर्धे एकमेकांना धरणारं. टायरमध्ये हवा असताना दुसऱ्या वर्तुळाचा एकही नट सैल करायचा नाही. चाक गाडीवरून उतरवण्याआधीच व्हॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, तार आत घालून व्हॉल्व्ह तुंबलेला नाही ना बघा. लॉक रिंगचं चाक पंक्चरवाल्याकडे फुगवताना पिंजऱ्यात ठेवायला लावा. पिंजरा नसेल तर साखळदंड गुंडाळा, लांब पाइप लावा आणि समोर कुणीही उभं राहू नका. वाकलेली किंवा गंजून पातळ झालेली रिंग ठोकून परत वापरू नका. डाव्या बाजूच्या स्टडवर ‘एल’ कोरलेला असेल तर तो नट उलट्या आट्यांचा आहे. तिथे पान्ह्यावर उभं राहून जोर लावणारे स्टड मोडून बसतात.

टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा. 3409 म्हणजे 2009 सालचा चौतिसावा आठवडा. गोट्या (टायरवरचे उठावदार ठोकळे) शाबूत असल्या तरी कडेला बारीक चिरा पडलेला टायर घाटाच्या लायकीचा नाही.

पुढच्या ॲक्सलला दोन्ही टोकांना गोल नकल (चाक वळवणारे सांधे) असतात. त्यांच्या सीलमधून काळं पाणचट ग्रीस गळत असेल तर आत पाणी गेलं आहे. उघडून सांधा धुवा, नवं ग्रीस भरा. पुढची चाकं जॅकवर उचलून वरखाली हलवा. खेळ आला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ तरीही राहिला तर किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती), गेला तर हबचं बेअरिंग. हा खेळ तसाच ठेवला तर साधारण पन्नासच्या वेगाला एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग असं थरथरतं की गाडी थांबवल्याशिवाय ते शांत होत नाही.

पेट्रोलची टाकी काढूनच धुवा. जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो आणि तळाला डिंक बसतो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच चिकोडी-अथणीकडच्या उसाचं ते चीज आहे, पण जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही. जुना पंप डायफ्राम आणि साधे रबरी पाइप सुजतात, मऊ पडतात, त्यांचे कण जेटमध्ये अडकतात. पाइप व्हायटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) घाला, डायफ्राम इथेनॉल चालणारा मागा. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरलं की इथेनॉल त्या पाण्याबरोबर पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं आणि इंजिन नेमकं तेच ओढतं. महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा बोल (पेट्रोल साठवणारी वाटी) रिकामा करा.

इंजिनाला स्टार्टर मारण्याआधी सहाही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल आणि डिझेलचं निम्मं-निम्मं मिश्रण दोन चमचे घाला आणि एक दिवस तसंच राहू द्या. मग हँडलने हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, परत तेल घालून थांबा. अडकलेली रिंग हँडलच्या झटक्याने तुटते. मोकळं फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदला आणि प्लग न लावताच ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारा. मग कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटमध्ये (ठिणगी पाडणाऱ्या संपर्कात) 0.45 मिमीच्या आसपास फट ठेवा, फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4. हे इंजिन शिसेवाल्या पेट्रोलच्या काळातलं आहे. व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी झालेली आढळत असेल तर सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा, शिसं तिला जपायचं) खचते आहे. हेड उघडण्याची वेळ आलीच तर कडक सीट बसवून घ्या.

तेलाची एक चूक फार होते. गिअरबॉक्समध्ये जीएल-4 प्रतीचं 80W-90 घाला, जीएल-5 डिफरन्शियलसाठी ठेवा. जीएल-5 मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या) खाऊ शकतात. बॅटरी घेण्याआधी स्टार्टर आणि बल्बवर 12 लिहिलंय की 24 ते वाचा. दोन बॅटऱ्यांची जागा दिसली म्हणून ठरवू नका.

पार्टसाठी जबलपूर आणि दिल्लीचं मायापुरी ही दोन ठिकाणं. निसान, जोंगा, शक्तिमान या तिन्ही लष्करी गाड्या जबलपूरलाच बनल्या. बेअरिंग आणि सील मात्र कडेवरच्या नंबराने बेळगावातच मिळतात, त्यासाठी दिल्लीला फोन करायची गरज नाही.

कागदांचं काम दुरुस्तीच्या आधी सुरू करा. लष्करी वापरातून बाहेर पडलेल्या गाडीची नागरी नोंदणी करावी लागते (मोटार वाहन कायदा, कलम 60), ती झालेली आहे हे आरसीवरून खात्री करा. चासी आणि इंजिन नंबर स्वतः घासून वाचा, लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिन बदललेलं असू शकतं. कोल्हापूर आरटीओची एनओसी फॉर्म 28 वर, नावावर करायला 29 आणि 30, नव्या केए-22 नंबरासाठी 27. बारा महिन्यांहून जास्त कर्नाटकात ठेवणार असाल तर नंबर बदलणं टळत नाही. 2021 च्या व्हिंटेज नियमांवर अवलंबून राहू नका. पन्नास वर्षांची अट आहेच, शिवाय ते दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहेत, ट्रकसाठी नाहीत. आणि रंग: ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, नियम 121. मागच्या डिफवरचा पांढरा गोल आणि त्यावर उजेड पाडणारा छोटा कॉन्व्हॉय दिवा हवा तर जपा, पण नंबरपाटीवरचा लष्करी बाण आणि लष्करी नंबर पुसून टाका. बेळगावच्या कॅम्प (लष्करी) भागातून जाताना तर नक्कीच.

चालवताना फोर व्हील फक्त माती, चिखल, ओल्या गवतावर. डांबरावर ठेवलीत तर वळणात पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे ताण ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीत) साठतो आणि लिव्हर निघता निघत नाही. निघाला नाही तर सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटेल. खालच्या गिअरला सिंक्रो नसेल तर दोनदा क्लच मारा: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून हलका ॲक्सिलरेटर, परत क्लच, गिअर. चोर्ला उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ड्रम तापले की पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. तशी लागली तर बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबा, ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. खानापूरच्या तांबड्या मातीत ही गाडी मजेत जाते. बैलहोंगलच्या काळ्या मातीत जुलैत टायरच्या गोट्या भरून चाक गुळगुळीत होतं, तिथे चारही चाकं फिरत खाली बसतात. ओढा ओलांडलात तर घरी आल्यावर सगळ्या निपलना ग्रीस मारा, पाणी बाहेर पडून नवं ग्रीस दिसेपर्यंत.

आणि पंधरा दिवसांतून एकदा किमान वीस किलोमीटर चालवा. अंगणात पाच मिनिटं चालू करून बंद करण्याने नुकसानच होतं. इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पाणी धरतं, आणि फिलर कॅपखाली पांढरट साय दिसायला लागते.