वाचक विचारतात : अवरक्त प्रकाश अणूतून इलेक्ट्रॉन कसा काढतो?

प्रश्न : पदवीपूर्व दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आम्ही शिकवतो की, वारंवारता ठरावीक मर्यादेखाली असेल, तर प्रकाश कितीही प्रखर केला तरी इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही. मग अवरक्त (इन्फ्रारेड) लेसरच्या अतिलघु स्पंदांनी (क्षणभराच्या झोतांनी) अणूंतून इलेक्ट्रॉन काढता येतात आणि ते केव्हा व कोणत्या बाजूला निघावेत यावरही ताबा ठेवता येतो, हे कसे? वर्गात याचा प्रयोग दाखवता येईल का?
– एक शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. या नियमाचे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दिलेले स्पष्टीकरण एका इलेक्ट्रॉनने एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच ऊर्जाकण, शोषला, असे धरून आहे, आणि नेहमीच्या प्रकाशात तसेच घडते. अरगॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १५.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक) ऊर्जा लागते. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त फोटॉनपाशी जेमतेम १.५५ असते, म्हणजे किमान अकरा फोटॉन एकदम शोषले जायला हवेत. प्रखरता दर चौरस सेंटीमीटरला एकावर चौदा शून्ये इतक्या वॅटच्या घरात गेली की हेही शक्य होते.

या प्रखरतेला मात्र फोटॉन मोजत बसण्यापेक्षा प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राकडे पाहणे अधिक सोयीचे ठरते. हे क्षेत्र इलेक्ट्रॉनला अडवून धरणारा ऊर्जेचा अडथळा एका बाजूने झुकवते आणि पातळ करते. आपल्या भागातील भातखाचराचा बांध झिजून पातळ झाला की पाणी त्यावरून न वाहता त्यातूनच पाझरू लागते, तसा इलेक्ट्रॉन त्या अडथळ्यातून पलीकडे जातो. ही शक्यता क्षेत्राच्या तीव्रतेनुसार इतक्या झपाट्याने बदलते की, इलेक्ट्रॉन जवळजवळ केवळ लहरीच्या शिखरापाशी, काहीशे ॲटोसेकंदांच्या अवधीत निघतात. (एका सेकंदात एकावर अठरा शून्ये इतके ॲटोसेकंद असतात.)

स्पंद लांब असेल, तर अशी डावी-उजवी शिखरे कितीतरी येतात आणि त्यांचा परिणाम दोन्हीकडे समान होतो. ८०० नॅनोमीटर प्रकाशाच्या एका आवर्तनाला सुमारे २.७ फेम्टोसेकंद लागतात (एक फेम्टोसेकंद म्हणजे हजार ॲटोसेकंद). त्यामुळे पाच फेम्टोसेकंदांच्या स्पंदात दोनच आवर्तने मावतात. आता लहरीचे शिखर स्पंदाच्या आवरणाच्या, म्हणजे शिखरांना वेढणाऱ्या बाह्यरेषेच्या, नेमक्या मध्यावर आहे की थोडे सरकलेले आहे, याला महत्त्व येते. २००१ मध्ये समोरासमोर ठेवलेल्या दोन शोधक उपकरणांत (डिटेक्टरांत) इलेक्ट्रॉन मोजले, तेव्हा एका बाजूची संख्या वाढली की दुसऱ्या बाजूची घटते, असे आढळले. २००३ पर्यंत शिखराचे हे स्थान, म्हणजे लहरीची कला (फेज), स्थिर राखलेले स्पंद हाती आले, आणि ती बदलून उत्सर्जन वळवणे साधले. अर्थात, बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनला उरलेला स्पंद ढकलतच राहतो, म्हणून ज्या बाजूचे शिखर उंच त्याच बाजूला तो जाईल, असे सरळ गणित मांडू नये. शिवाय ताबा असतो तो शक्यतेवर. एखादा ठरावीक इलेक्ट्रॉन हुकमाने निघत नाही.

काही इलेक्ट्रॉन क्षेत्र उलटताच मूळ अणूकडे परततात आणि त्यात सामावून जाताना फार मोठ्या ऊर्जेचा प्रकाश सोडतात, हे चित्र कॅनडाचे भौतिकशास्त्रज्ञ पॉल कॉर्कम यांनी १९९३ मध्ये मांडले. याच प्रकाशातून ॲटोसेकंद स्पंद मिळतात. त्यासंबंधीच्या कामाला, म्हणजे ॲन ल'हुइलिए, पिएर अगोस्तिनी आणि फेरेन्क क्राउस यांना, २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा स्पंदाचा एकेक फोटॉन पुरेशा ऊर्जेचा असल्याने तेथे आपला पाठ्यपुस्तकी नियम पुन्हा जसाच्या तसा लागू होतो.

प्रयोगाविषयी सांगायचे, तर तो वर्गात होणार नाही. एक मिलिवॅटच्या लेसर पॉइंटरचा एक चौरस मिलिमीटरचा ठिपका दर चौरस सेंटीमीटरला ०.१ वॅट भरतो; लागणाऱ्या प्रखरतेपेक्षा तो एकावर पंधरा शून्ये इतक्या पटींनी कमी आहे. त्याऐवजी फळ्यावर एकाच आवरणाखाली दोन लहरी काढाव्यात, एकीचे शिखर मध्यावर आणि दुसरीचे पाव आवर्तन सरकलेले, आणि दोन्हींतील वरच्या-खालच्या शिखरांची उंची विद्यार्थ्यांना मोजायला लावावी.