मुलं लहान असताना कायम नोकरी सोडून कंत्राटी काम घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: सध्या कायम नोकरी आहे, घरी दीड वर्षाचं आणि चार वर्षांचं अशी दोन मुलं आहेत, आणि तशाच कामाचं एक वर्षाचं कंत्राट दीडपट पैशांनी समोर आलंय. घ्यावं का?

आधी दीडपटीचा हिशेब करू, कारण बहुतेक जण इथेच फसतात. सध्याचा पगार महिना १०० धरा, म्हणजे वर्षाला १,२००. त्यावर निवृत्तीसाठी कंपनी भरते तो वाटा, विम्याचा हप्ता आणि बोनस मिळून १५ टक्के धरले, तर कायम नोकरीची खरी किंमत १,३८० होते. तुमच्या पगारपत्रकावरून हा आकडा नेमका काढा. कमी-जास्त निघेल, पण शून्य नक्कीच नसेल.

आता कंत्राट. शनिवार-रविवार वगळून वर्षात २६० दिवस. सार्वजनिक सुट्ट्या १०, तुमची रजा २०, तुमचं आजारपण ५, मुलांच्या आजारपणाचे १०, बिलं, करभरणा आणि नवं शिकण्याचे ५, आणि एक कंत्राट संपून दुसरं सुरू होईपर्यंतचे २०. उरले १९०. दीडपट दराने पूर्ण वर्षाचे १,८०० दिसतात, पण १९० दिवसांचे हातात येतात सुमारे १,३१५. हिशेबनीस, लॅपटॉप, सॉफ्टवेअर यांना ४० द्या, राहिले १,२७५. म्हणजे दीडपट घेऊनही तुम्ही १०० च्या आसपास मागेच. बरोबरीसाठी दर १.६२ पट हवा. मधला एक महिना रिकामा गेलाच नाही, तर दीडपटीतही ३०-३५ वर राहतात. पुढचं काम लगेच मिळेल का, याच एका गोष्टीवर सगळं फिरतं. तुमच्या क्षेत्रात नवं कंत्राट मिळायला साधारण किती आठवडे लागतात, हे दोन-तीन कंत्राटी सहकाऱ्यांना विचारून तो २० चा आकडा बदला. सणांच्या आणि वर्षअखेरच्या काळात नवी कंत्राटं फारशी निघत नाहीत, त्यामुळे कंत्राट कोणत्या महिन्यात संपतंय तेही बघा.

आता मुलांच्या आजारपणाबद्दल. लहान मुलांना वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं सामान्य आहे, पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहून जास्त वेळा. शिवाय दोन मुलं सहसा एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. कांजिण्यांचं उदाहरण घ्या. पुरळाच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे पाच-सहा दिवस, मुलाला घरी ठेवावं लागतं. संसर्गापासून पुरळ उठेपर्यंतचा काळ १० ते २१ दिवसांचा असतो, त्यामुळे दुसऱ्याची पाळी बहुधा दोन आठवड्यांनी येते. एका आजारात तुमचे दोन आठवडे मोडतात, आणि तेही वेगवेगळ्या वेळी. कायम नोकरीत हे दिवस रजेतून जातात. कंत्राटात तेवढं बिल कमी होतं. म्हणून १० दिवसांचा माझा आकडा तुमच्याबाबतीत मी १५ करीन.

‘कंत्राटात मोकळीक असते’ हे खरं आहे, पण कोणती मोकळीक? कंत्राटात आठवडे आणि महिने तुमच्या हातात असतात: उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत पुढचं काम न घेणं, दोन कामांमध्ये सहा आठवडे घरी राहणं. दुपारी तीन वाजता ‘मुलाला ताप आहे’ असा फोन आला की उठून जाणं मात्र कायम नोकरीतच जास्त सोपं असतं, विशेषतः दोन-तीन वर्षं काम करून विश्वास कमावला असेल तर. नव्या ग्राहकाकडे तो विश्वास पहिल्या दिवसापासून कमवावा लागतो, आणि प्रत्येक नव्या कंत्राटात पुन्हा. तीन वर्षांच्या आतलं मूल अचानक अडवतं. शाळेत जाणारं मूल ठरलेल्या तारखांना अडवतं. म्हणून माझं स्पष्ट मत: धाकटं तीन वर्षांचं होईपर्यंत कायम नोकरी धरून ठेवा. दोघेही शाळेत जायला लागले की कंत्राटाचं गणित जास्त बसतं.

याला एक अपवाद आहे. जोडीदाराची नोकरी कायम असेल, त्यांच्या विम्यात मुलं येत असतील, आणि पाळणाघरातून मुलाला आणायला ते धावू शकत असतील, तर आत्ताही विचार करायला हरकत नाही. दोघांचं क्षेत्र एकच असेल तर मात्र सांभाळून; मंदी आली की कंत्राटी माणसं पहिल्यांदा जातात, आणि दुसऱ्याची नोकरीही त्याच वेळी डळमळते. एकट्याने मुलं वाढवत असाल तर किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नको.

आणखी मूल हवं असेल तर दोन वर्षांचं गणित मांडा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या १८३ व्या करारात प्रसूती रजा किमान १४ आठवड्यांची सांगितली आहे, पण प्रत्यक्ष पगारी रजेसाठी अनेक ठिकाणी त्याच मालकाकडे ठरावीक काळ काम केलेलं असावं लागतं. नोकरी सोडली की तो काळ पुन्हा शून्यापासून मोजतात. पुढे कंत्राटावरून परत कायम नोकरीत आलात तर परिवीक्षा काळही (प्रोबेशन) पुन्हा पार करावा लागतो.

पैसे हातात कधी पडतात हेही बघा. पहिला महिना काम, महिनाअखेर बिल, ४५ दिवसांनी पैसे: म्हणजे पहिली रक्कम सुमारे ७५ दिवसांनी येते. अट ६० दिवसांची असेल तर ९०. पाळणाघराची फी मात्र दर महिन्याला द्यायचीच. मधल्या रिकाम्या महिन्यात ती वाचवायला मुलाला काढलं तर जागा जाते, आणि नवं काम मिळाल्यावर मूल ठेवायला जागाच नसते. म्हणून ती फी कायमचा खर्च धरा.

घ्यायचंच ठरलं तर कंत्राटातली ही कलमं सहीआधी वाचा. कंत्राट संपवण्याआधी द्यायच्या सूचनेचा काळ (नोटीस) दोन्ही बाजूंना सारखा हवा. त्यांना एक आठवडा आणि तुम्हाला चार, असं बऱ्याचदा छापून येतं. दर दिवसावर असेल तर अर्ध्या दिवसाचं बिल करता येईल असं लिहून घ्या, नाहीतर तीनला उठलात की पूर्ण दिवस बुडतो. मध्ये एजन्सी असेल तर ‘ग्राहकाने पैसे दिल्यावरच आम्ही देऊ’ हे वाक्य काढायला लावा. मुदतवाढ होणार की नाही, हे किमान सहा आठवडे आधी कळवण्याची अट घाला. एकरकमी कामात काय येतं आणि काय येत नाही याची यादी जोडा. वाढत गेलेलं काम मुलं झोपल्यावरच्या तासांतूनच निघतं.

ठरलेल्या वेळी त्यांच्याच ऑफिसात बसायचं, रजेसाठी परवानगी मागायची आणि दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही, असं असेल तर ते कंत्राट नावापुरतं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचीच २००६ सालची १९८ क्रमांकाची शिफारस अशाच खुणांवरून नोकरी ओळखायला सांगते. अशा व्यवस्थेत कंत्राटाची मोकळीक मिळत नाही आणि नोकरीचं संरक्षणही नाही. नकार द्या.

क्रमही महत्त्वाचा. घरकर्ज हवं असेल तर नोकरीत असतानाच घ्या. स्वतंत्र काम करणाऱ्यांकडे बँका बहुधा दोन-तीन वर्षांचे हिशेब मागतात. मग मुलांसह स्वतःचा आरोग्य विमा. कंपनीचा सामूहिक विमा बहुधा शेवटच्या दिवशी संपतो, आणि नव्या विम्यात जुन्या आजारांसाठी थांबायचा काळ असतो. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या सह्यांचं कंत्राट, आणि सगळ्यात शेवटी राजीनामा.

पण राजीनाम्याआधी सध्याच्या ठिकाणीच आठवड्याला चार दिवस मागून बघा. ‘थोडी सवलत हवी’ असं मोघम नको. कोणता दिवस सुट्टी, उरलेल्या दिवसांचे तास, त्या दिवशीचं काम कोण बघेल आणि तीन महिन्यांनी आढावा, असं एका पानावर लिहून द्या. त्यात कोणती कामं तुमच्याकडून कमी होतील हेही नावानिशी लिहा. ते न लिहिता चार दिवस मान्य झाले, तर पाच दिवसांचं काम चार दिवसांत आणि पगार ८० टक्के, असंच होतं.