सहा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स ठेवायचा का?

सहा वर्षांत एकही क्लेम नाही, मग फुल इन्शुरन्स सोडून नुसता थर्ड पार्टी घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: एवढ्यात सोडू नका, पण आहे तसाही ठेवू नका.

थर्ड पार्टी कायद्यानेच घ्यावा लागतो. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो कामाला येतो. तुमच्या गाडीसाठी त्यातून काहीच मिळत नाही.

आता तुम्ही पाठवलेलं कोटेशन. गाडीची किंमत १०० धरली, तर फुल इन्शुरन्समधल्या ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, हप्ता ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) वजा जाऊन ३ पडतो. झिरो डेपचा १ वेगळा; तो घेतला की घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याने घटलेली किंमत, क्लेममधून कापत नाहीत. समजा, बंपर आणि हेडलाइट फुटला आणि तुम्ही क्लेम केलात. बोनस शून्यावर येतो, पुढच्या वर्षी ३ चे ६ होतात. मग क्लेम न केलेल्या दर वर्षी बोनसच्या तक्त्याप्रमाणे २०, २५, ३५, ४५ असं करत बोनस परत ५० वर पोचेपर्यंत तुम्ही एकूण साडेसात जास्त भरलेले असतात. म्हणजे गाडीच्या किमतीच्या साडेसात टक्क्यांपर्यंतचं बिल खिशातून भरलेलंच परवडतं. बहुतेक लोक नेमकं इथेच चुकतात, छोट्या पोच्यालाही क्लेम टाकतात.

किरकोळ क्लेम करायचेच नाहीत, तर झिरो डेप कशाला? तो काढा. मोठ्या दुरुस्तीत घसारा कापला जाईल, प्लॅस्टिकच्या भागांवर तर निम्मा, हे मान्य करूनच सांगतोय. उलट व्हॉलंटरी डिडक्टिबल घ्या: क्लेममधली ठरावीक रक्कम आपण भरायची, त्या बदल्यात हप्ता उतरतो. हप्ता कमी करायला पॉलिसीत गाडीची किंमत मात्र कमी दाखवू नका. चोरी झाली तर तेवढेच पैसे हातात येतील.

थर्ड पार्टीवर आलात तर वर्षाला ३ वाचतील. पण रोज नोकरीला याच गाडीने जाता आणि शिल्लक जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाची आहे. गाडी चोरीला गेली तर दुसरी कर्जावरच घ्यावी लागेल, याची मला खरी काळजी वाटते. आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडू द्या, शिवाय जुनी गाडी घेता येईल एवढी रक्कम. मग खुशाल थर्ड पार्टीवर या.

तोवर नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तुमचा ५० टक्के बोनस जातो.