ऑफाज डाइकवर पहिल्यांदा जाताना

ऑफाज डाइक म्हणजे इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरचा जुना मातीचा बांध, आणि त्याच्या नावाची पायवाट. अख्खी वाट 285 किलोमीटरची, दक्षिणेतल्या चेपस्टोपासून उत्तरेतल्या प्रेस्टॅटिनपर्यंत. पहिल्याच खेपेला तिच्या नादी लागू नकोस. नाइटन गावाहून उत्तरेला इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात शिरणारा तुकडा घे. आठव्या शतकातला तो बांध इथेच सगळ्यात धड उरलाय. डोंगर साडेचारशे मीटरलाही पोचत नाहीत, पण चढलेलं सगळं लगेच उतरायचं, पुन्हा चढायचं. सह्याद्रीत हरिश्चंद्रगड केलास ते ठीक, इथे संध्याकाळपर्यंत गुडघे बोलतात.

बूट मात्र वॉटरप्रूफच घे. पाऊस नसला तरी सकाळचं दवाने भिजलेलं गवत पुरतं. मी साध्या बुटांनी गेलो होतो, दहा वाजता मोजे पिळत बसलो!

पाट्यांवर ओकच्या फळाची खूण दिसली की वाट बरोबर. तरी 1:25,000 प्रमाणाचा कागदी नकाशा जवळ ठेव, दरीत मोबाईलला रेंज नसते. नकाशावर हिरव्या तुटक रेघा म्हणजे चालायच्या हक्काच्या वाटा. त्या सरळ शेतांतून जातात, संकोच करू नकोस. फाटक जसं होतं तसंच ठेव. वासरांबरोबर गाई असतील तर लांबून वळसा घाल, मधून अजिबात नाही.

जेवणाचा डबा घरूनच ने. वाटेत टपरी वगैरे विसर.