गुडघा सटकतोय, कबड्डी खेळू द्यावी का?

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा १९ वर्षांचा, कबड्डी खेळतो. दीड महिन्यापूर्वी रेडवरून परत फिरताना पाय मॅटवर तसाच राहिला अन् गुडघा पिळला, कट्‌ असा आवाज आला, तासाभरात टम्म सुजला. गावात एकांनी चोळून 'बसवून' दिला. आता सूज नाहीये पण जिना उतरताना गुडघा सटकतो. पुढच्या आठवड्यात मॅच आहे. धाकटा १२ वर्षांचा, फास्ट बोलिंग करतो, त्याचं कोपर आतल्या बाजूने दुखतं.

उत्तर : ताई, मॅच अजिबात नको. आवाज, लगेच आलेली सूज अन् आता सटकणं, हे सगळं एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मधोमध असलेला लिगामेंट (हाडांना हाडं जोडून ठेवणारा पट्टा) तुटल्यासारखं वाटतंय. सूज उतरली म्हणजे बरं झालं असं नसतं हो, असाच खेळला तर गुडघ्यातल्या हाडांमधली गादीसुद्धा फाटू शकते. ऑर्थोपेडिककडे न्या, ते हाताने तपासतील, बहुतेक एमआरआय सांगतील. ऑपरेशन प्रत्येकालाच लागत नाही, पण कबड्डीत परतायचं तर बऱ्याचदा लागतं अन् त्यानंतर निदान ९ महिने मैदान नाही. दोन्ही मांड्या टेपने मोजून बघा, दुखऱ्या पायाची बारीक झालेली दिसेल, ती भरून काढायला फिजिओथेरपी आजपासूनच हवी. आणि ताज्या दुखापतीला चोळायचं नाही, फडक्यात गुंडाळून बर्फ लावायचा, १५-२० मिनिटं.

धाकट्याची बोलिंग तूर्त बंद करा. या वयात हाडाची वाढीची जागा कच्ची असते, त्याचंही कोपर त्याच फेरीत दाखवून घ्या.