दोस्तोव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'ची पहिली दोन-तीन प्रकरणं वाचून तुमचं काय मत झालं? पुढे वाचावी का?

नक्की वाचा. मी परवाच तिसरं प्रकरण संपवलं आणि अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

१८६६ची कादंबरी म्हणून जड भाषेची तयारी ठेवली होती, पण सुरुवातच थेट आहे. जुलैतली उकाड्याची संध्याकाळ, पीटर्सबर्ग, आणि घरमालकिणीचं भाडं थकल्यामुळे तिला चुकवत जिना उतरणारा नायक रास्कोल्निकोव्ह. सावकारीण म्हातारीच्या घरापर्यंत ७३० पावलं, ती त्याने आधीच मोजून ठेवलेली आहेत! तो काय करणार हे लेखक सांगत नाही, पण या एका आकड्याने माझ्या पोटात गोळा आला.

गहाणाचा प्रसंग तर सावकाश वाचा. वडिलांच्या घड्याळाचे दीड रूबल ठरतात. मग म्हातारी त्याचं व्याज आगाऊ कापते, वर आधीच्या दोन रूबलांच्या कर्जाचंही, आणि हातात टेकवते १ रूबल १५ कोपेक (शंभर कोपेकचा एक रूबल). गरिबी कशी असते ते त्या हिशेबातच कळतं.

दुसऱ्या प्रकरणातलं दारुड्या मार्मेलादोव्हचं गुत्त्यातलं बोलणं लांबतं, बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. तुम्ही मिटू नका. त्याच्या घरची दैना बघून रास्कोल्निकोव्ह उरलेली चिल्लर गुपचूप खिडकीत ठेवतो आणि जिना उतरताना लगेच पस्तावतो. माणूस चांगला की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाहीये.

नावं लांबलचक आहेत, तेवढी एका कागदावर लिहून ठेवा.