फटी बुजवू नका, आधी होडीला पाणी पाजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची सोळा फुटी लाकडी होडी, केत्तूरच्या बाजूला उजनी धरणात मासेमारीला चालायची, ती आठ वर्षं जुळे सोलापुरात अंगणात पडून आहे. फळ्यांमधून आरपार उजेड दिसतो. सुतार म्हणतोय, फटींत इपॉक्सीचा (सुकल्यावर कडक होणाऱ्या गोंदाचा) लगदा भरू आणि वरून फायबरचा थर चढवू. दोन्ही करू नका. सुताराला पंधरा दिवस थांबवा.

उजेड दिसतो म्हणजे होडी गेली असं नाही, ती वाळली आहे. लाकूड वाळलं की लांबीत जवळजवळ तेवढंच राहतं, रुंदीत मात्र आकसतं. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, अशी आठ वर्षं काढल्यावर फळ्यांनी एकमेकींपासून अंग चोरलं तर नवल नाही. पाणी मिळालं की त्याच फळ्या पुन्हा फुगून एकमेकींना भिडतात. त्या वेळी फटीत कडक झालेला लगदा असेल तर फळीने जायचं कुठे? ती खिळे उपटते नाहीतर आतल्या फासळ्या, म्हणजे फळ्यांना आतून धरणारी बाकदार लाकडं, मोडते.

हे मी करून बसलोय. करमाळ्याकडच्या मामांची होडी मी मे महिन्यात दुरुस्तीला घेतली आणि कोरड्या ठाक फटींत मोगरीने कापूस गच्च ठोकला. पाण्यात सोडल्यावर पहिल्या दिवशी एक थेंब आत आला नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर दोन फासळ्या तडकलेल्या आणि तळाच्या फळीचे सात खिळे डोकं वर काढून उभे. मामा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "फळीला फुगायला जागाच ठेवली नाहीस रे." त्यांच्या आधीच्या पिढीने घडवलेली होडी होती ती. अजून सलतं.

आता तुमची होडी. ती दोन टोकांना दोन दगडांवर टेकली आहे असं लिहिलंय. आधी ते बदला, नाहीतर कणा (तळाच्या मधोमध जाणारं लांब लाकूड) मधे झोपतो. तळाखाली दर तीन फुटांवर ठोकळे द्या आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणून कणा सरळ आहे का बघा. वाकला असेल तर ठोकळ्यांत पाचरी मारून रोज थोडा थोडा उचला. घाई नको.

मग टोच्या घ्या. पावसाचं पाणी जिथे साचून राहतं तिथे आधी टोचा: मागच्या आडव्या फळीचा खालचा कोपरा, फासळ्यांची टोकं, कण्याला फळी भेटते ती रेघ. गोड्या पाण्याने लाकूड खाऱ्यापेक्षा लवकर सडतं, आणि उजनीतली होडी पाण्यात असताना जेवढी सडत नाही तेवढी अंगणात उताणी पडून, पोटात पाऊस साठवून सडते. निरोगी लाकडात टोच्या अडतो आणि कट्‌ करून बारीक कपची उडते. सडक्यात तो साबणात गेल्यासारखा जातो, आवाज होत नाही. वाळवीही बघा, जमिनीला टेकलेल्या भागात हमखास असते. जिथे टोच्या बुडेल तिथे खडूने फुली मारा, बाकी काही कापू नका.

यानंतर पाणी. होडी काठोकाठ भरू नका. सोळा फुटी होडी भरली की दीड टनाच्या आसपास पाणी होतं, आणि बाहेरून रेटा द्यायला तळं नसल्यामुळे ते वजन फळ्या बाहेर ढकलतं. आत चार-पाच बोटं पाणी ठेवा, गळेल तसं वरून घाला. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर जुन्या सोलापुरी चादरी ओल्या करून टाका. आपली जाड चादर पाणी धरून ठेवते, गोणपाट तासाभरात कोरडं होतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हे सांगताना मलाही जड जातं, म्हणून बोअरचं वापरा आणि खाली ताडपत्री पसरून गळलेलं पुन्हा आत घाला. जुने लोक पाण्यात खडे मीठ टाकायचे, त्याने सड मंदावते. पण तुमचे खिळे लोखंडी असतील (खिळ्याभोवती निळा-काळा डाग असतो) तर मीठ नको, ते खिळा खाईल.

दहा-बारा दिवसांत बहुतेक फटी आपोआप मिटतील. ज्या उरतील त्याच तुमच्या कामाच्या. पाणी काढा, सावलीत दोन-तीन दिवस वरचा ओलावा उडू द्या आणि तेवढ्याच फटींत कापूस बसवा, तोही बोथट पटाशीने, हलक्या हाताने.

कापसासाठी आपल्या गावाइतकं सोयीचं गाव नाही. पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यांतून सुताचं वेस्ट किलोवर मिळतं. फक्त निव्वळ सुती घ्या. एक धागा जाळून बघा: सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि चिमटीत धरली तर भुगा होणारी राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. तसला धागा पाणी पिऊन फुगत नाही, फटीत नुसता पडून राहतो. सुताची सैल वात वळा, जवसाच्या तेलात बुडवून पिळा, बसवा, वरून खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी (पुट्टी) भरा. ही लांबी वर्षानुवर्षं थोडी मऊ राहते, फळीबरोबर हलते. इथे आपल्याला तेच हवं.

तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेते. पाण्यात बुडवून ठेवा. आणि तळाला जुना शेंदरी रंग असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून ओल्या पॉलिश पेपरनेच घासा, मास्क लावून, मुलं घरात नसताना.

फुल्या मारलेल्या जागी फळी बदलावी लागेल. जोड समोरासमोर लावू नका, तिरका द्या: फळी एक इंच जाड असेल तर उतार निदान आठ इंचांचा. मोडलेल्या फासळीसाठी वखारीतली सरळ फळी कापून बाक काढू नका, तंतू तुटतात. बांधावरच्या बाभळीची त्याच बाकाची फांदी शोधा. झाडाने जो बाक स्वतः घेतलाय त्यात तंतू अखंड असतात. आमच्या दुसऱ्या होडीतली बाभळीची फासळी अकरा वर्षं झाली, तशीच आहे.

फायबरबद्दल एवढंच: जुनं तेलकट लाकूड त्याला धरत नाही आणि लाकूड हलायचं थांबत नाही. दोन-तीन वर्षांत थर सुटतो, मधे पाणी अडकतं, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी होडी आत पीठ होते.

रंग झाल्यावर तिला फार दिवस कोरडी ठेवू नका. उजनी उन्हाळ्यात अनेकदा उणे साठ्यात (वापरण्याजोग्या पातळीच्या खाली) जाते, पाणी फार उतरलं की एरवी बुडालेलं पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा काठाला गुडघाभर चिखल असतो. सप्टेंबरमध्ये धरण भरलेलं असताना न्या. पहिल्या रात्री काठाशी उथळ पाण्यात बांधून ठेवा, सकाळी पाणी उपसा, पुन्हा ठेवा. गळती थांबल्याशिवाय कोणाला बसवू नका. 21 मे 2024 ला कुगाव-कळाशीच्या मधे अचानक सुटलेल्या वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. वडील होडीत बसायला उत्सुक आहेत म्हणालात, त्यांच्यासाठी लाइफ जॅकेट आधी घ्या, रंग मागाहून.

टोच्याची तपासणी झाली की मागच्या आडव्या फळीचा आणि एखाद्या खिळ्याचा जवळून फोटो टाका. खिळे तांब्याचे निघाले तर पुढचं काम निम्मं होईल.